आधी वही, मग शिबिर

उमापूर हे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्याचं, शेवगावच्या बाजूचं गाव. दसरा उलटला की आसपासच्या वाड्या-वस्त्यांतल्या दारांना कुलपं दिसू लागतात. ट्रॉल्यांमध्ये पिठाचे डबे, भांडी, शेळ्या, लेकरं आणि कोयते चढतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारण पाडव्यापर्यंत, माणसं उसाच्या फडात कोपी घालून राहतात. मी ज्या छोट्या संस्थेत काम करते, ती या ऊसतोड बायांच्या हक्कांसाठी उभी राहिली. कोणतं काम आधी घ्यायचं, पैसा कुठे लावायचा, काय बंद करायचं, हे याच बायांनी ठरवावं, असा आमचा प्रयत्न आहे. त्या वाटेवर मला जे उमगलं ते इथे मांडते. तुमचं क्षेत्र शाळेचं असेल, दवाखान्याचं किंवा रेशनच्या लढाईचं. तुमचे अनुभवाचे बोल तुम्हाला तिथे सापडतीलच.

१. ज्याला दुखतं त्याला दुखण्याचं मूळ बहुधा माहीत असतं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती बसली. जिल्ह्यातल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. एवढे आकडे समोर असताना आरोग्य शिबिरं घ्यावीत हे आम्हाला उघडच वाटत होतं. बैठकीत तसं मांडलं, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “शिबिर लावा की ताई, पण आधी आमाला हिशेबाची वही द्या. खाडा लागतो म्हणून तर दुखणं अंगावर काढतो आमी.” मग एकेकीने साखळी उलगडली. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस फडात गेलं नाही की खाडा पडतो. दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत दंडाच्या गोष्टी तेव्हा वर्तमानपत्रांतही आल्या होत्या. तो दंड उचलीत चढतो. किती टन तुटला, किती फिटलं, हे बाईला कोणी सांगत नाही. म्हणून अंगावरून जाणं, पोटात दुखणं ती पुढे ढकलत राहते आणि गावी आल्यावर खासगी दवाखान्यात पिशवी काढून एकदाच काय ते उरकून टाकते. त्यांच्या लेखी हिशेबाची वही हेच आरोग्याचं पहिलं काम होतं. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेडला १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य आलं, तेव्हा लोकांनी त्यांच्याकडे आधी अन्न आणि पाणी मागितलं होतं, आणि त्यांनी कामाची सुरुवात तिथूनच केली. ती हकीकत मला पूर्वीपासून ठाऊक होती. तिचं वजन मात्र त्या मावशींच्या बोलण्याने कळलं.

२. लोकांना विचारायचं तर त्यांच्या वर्षाप्रमाणे विचारायला हवं. संस्थेचं वर्ष एप्रिल ते मार्च. देणगीदारांना अहवाल, नवा आराखडा, अंदाजपत्रक हे सगळं जानेवारी ते मार्चच्या दरम्यान हवं असतं, आणि नेमक्या तेव्हा बाया फडात असतात. ग्रामसभांचंही असंच. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला आमच्या कित्येक वस्त्यांवर म्हातारी माणसं तेवढी उरलेली असतात. २ ऑक्टोबरच्या सभेला प्रत्येकीचं चित्त उचलीत आणि बांधाबांधीत. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी असं कायदा सांगतो, पण गावात महिलाच नसतील तर ठराव कोणाचा? बायांनीच आम्हाला त्यांचं वर्ष समजावलं. परत आल्यावरचे पहिले काही दिवस नकोत, तेव्हा अंग मोडलेलं असतं आणि लग्नं असतात. पेरणीच्या दिवसांत नको. पोळ्यानंतर आणि घटस्थापनेआधी बसू, तेव्हा जीव थोडा थाऱ्यावर असतो. आता आमचा आराखडा त्या दिवसांत ठरतो आणि मार्चमध्ये फक्त कागदावर उतरतो. हंगामात काही बदलायचं असेल तर आम्ही फडावर जातो, संध्याकाळच्या भाकरी थापून झाल्यावर. देणगीदारांना हे समजावून सांगावं लागलं. एक-दोघांनी ते लगेच मानलं आणि स्वतःच्या तारखा पुढे-मागे केल्या.

३. बैठकीला येणाऱ्या बाईचा रोज बुडतो, आणि तो भरून देणं हा सन्मानाचा भाग आहे. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला मानधन, प्रवासखर्च, जेवण हे सगळे गृहीत धरतात. खुरपणी सोडून आलेल्या बाईला चहा-बिस्किटं दिली की झालं असं मानलं जातं. तिच्याकडचं ज्ञान तर कोणत्याही अहवालात सापडणार नाही असं. रोज किती द्यावा यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. जास्त दिला तर बाया पैशासाठी येतील आणि हो ला हो म्हणतील, ही शंका कार्यकर्त्यांना होती. तोडगा बायांनी काढला. रोजगार हमीवर सरकार जो रोज देतं तोच द्या, म्हणाल्या. २०२५-२६ मध्ये तो ३१२ रुपये होता. दर आपण ठरवलेला नाही, म्हणून कोणाला उपकारही वाटत नाही आणि कोणाला बोटही दाखवता येत नाही. हा खर्च आता अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत असतो. रोज सुरू झाल्यावर हो ला हो वाढेल ही शंका उलटीच फिरली: आपल्या वेळेला मोल आहे हे दिसल्यावर बाया जास्त ठामपणे नाही म्हणू लागल्या.

४. ‘ऊसतोड बाया’ असा एकच आवाज नसतो. कोणत्याही बैठकीत आधी कोण बोलतं याकडे लक्ष ठेवायला मी हळूहळू शिकले. बहुतेकदा मुकादमाच्या घरातली बाई बोलते, किंवा सरपंचांच्या भावकीतली, किंवा चार बुकं शिकलेली. त्या बोलतात ते खोटं नसतं, पण ते सगळ्यांचं नसतं. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. नवरा गेलेली किंवा टाकलेली बाई अर्धा कोयता ठरते. तिला टोळीत घ्यायला कोणी उत्सुक नसतं आणि घेतलं तर तिच्या राहण्या-निजण्याचे प्रश्न वेगळे असतात. तिचे विषय जोडीने जाणाऱ्या बायांच्या यादीत कधी वर येत नाहीत. जातीचंही तेच. बैठक मारुतीच्या पारावर घेतली की कोण ओट्यावर बसतं आणि कोण कडेला, हे न सांगता ठरलेलं असतं. म्हणून आता बैठकीची जागा फिरती असते: कधी तांड्यावर, कधी बौद्धवस्तीत, कधी गावात. एकल बायांची बैठक वेगळी होते आणि त्यांचे विषय त्या स्वतः मोठ्या बैठकीत मांडतात. मोठ्या बैठकीत कधी वादही होतो. दोन वस्त्यांचं पटलं नाही तर दोन्ही म्हणणी वहीत लिहिली जातात. घाईने एकमत काढलं तर ज्यांचा आवाज आधीच दबलेला आहे त्यांचाच बळी जातो, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

५. बाईची कहाणी बाईच्या मालकीची असते. २०१९ नंतर आमच्या भागात पत्रकार आले, अभ्यासक आले, कॅमेरे आले. त्यांतल्या बऱ्याच जणांमुळे प्रश्न सरकारपर्यंत गेला, त्यांचं ऋण मोठं आहे. पण वस्तीवर येणारा जो तो “पिशवी काढलेली बाई भेटेल का?” असंच विचारू लागला. एकच बाई तेच सगळं परक्या माणसांपुढे पुन्हा सांगत राहिली, आणि तिच्या पोरीच्या सासरकडच्यांनी तो व्हिडिओ मोबाइलवर पाहिला. त्यावर बायांनी बसून नियम केले. कहाणी कशासाठी हवी आहे ते आधी सांगायचं. सांगायची की नाही हे ती बाई एकटी असताना विचारायचं, नवऱ्यासमोर किंवा कार्यकर्त्यासमोर नाही. नाव आणि फोटो द्यायचे तर छापण्याआधी तिला वाचून दाखवायचं. आणि नंतर तिला नको वाटलं तर मागे घ्यायचं. आमच्या अहवालालाही हेच नियम लागू आहेत. त्यामुळे आमच्या पत्रकांतून बायांचे चेहरे जवळजवळ नाहीसे झाले. देणगी कमी होईल अशी भीती होती. पण बाया आता मोकळेपणाने बोलतात, आणि त्या मोकळेपणातून जे कळतं त्यावरच आमचं सगळं काम उभं आहे.

६. दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याने आपला उघडा ठेवावा. हिशेबाच्या वह्या सुरू झाल्या, तेव्हा ज्या बायांना लिहिता येत नव्हतं त्यांनी खुणा ठरवल्या: भरलेल्या गाडीला एक रेघ, खाड्याला फुली, दवाखान्याच्या दिवसाला गोल. हंगाम संपल्यावर काही टोळ्यांत त्या वह्या मुकादमाच्या कागदाशेजारी ठेवल्या गेल्या आणि बोलणं सुरू झालं. पुढच्याच बैठकीत एका आक्काने म्हटलं, “मुकादमाचा हिशेब इचारायला शिकवलं, आता संस्थेचा बी वाचून दाखवा.” राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये गावोगाव जनसुनवाया घेतल्या, रोजगाराच्या कामांची हजेरीपत्रकं आणि बिलं भर सभेत वाचली. त्या धाग्यातूनच पुढे माहिती अधिकाराची चळवळ वाढली. महाराष्ट्राचा कायदा २००२ मध्ये आणि देशाचा २००५ मध्ये आला. हे आम्ही प्रशिक्षणात शिकवत असू. आमच्यावर ते लागू व्हावं हे न्यायाचंच होतं. संस्थेचा जमाखर्च पारावर मोठ्याने वाचला गेला, पगारासकट. गाडीभाडं एवढं का, छापील पत्रकांवर इतका खर्च कशाला, हे प्रश्न सरळ आले. पत्रकं बंद झाली आणि त्या पैशातून वह्या वाढल्या. मला सर्वांत जास्त भिडलं ते वेगळंच. माझा पगार ऐकून कोणी कुरकुरलं नाही. एकीने विचारलं, “यात तुमचं भागतं का, ताई?”

७. बायांचं म्हणणं आणि आपलं मूल्य यांची टक्कर होते तेव्हा सहभागाची खरी कसोटी लागते. बीड जिल्ह्यात बालविवाहाचं प्रमाण फार मोठं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या तरुणींपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली दिसली. बैठकीत या विषयावर बाया सुरुवातीला गप्प राहिल्या, मग बोलल्या त्या पोरीचं लवकर उरकण्याच्या बाजूने. इथे मी माघार घेतली नाही. कायदा आहे, आणि त्याहून मोठं म्हणजे त्या पोरीचं आयुष्य आहे. ती त्या बैठकीत नव्हती. पण त्यांचं कारण मी पूर्ण ऐकलं. कोपीला दार नसतं. वयात आलेली पोर फडावर न्यायची भीती वाटते आणि मागे ठेवायची तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर. शिवाय लग्न झालं की नवा कोयता होतो, उचल मिळते, घरावरचं ओझं हलकं होतं. भाषणं आम्हाला पाठ आहेत, त्या म्हणाल्या. पोरीला सहा महिने सुरक्षित ठेवायची जागा द्या. आमच्या भागात हंगामी वसतिगृहं आहेत, पण मोठ्या मुलींसाठी तेवढी सोय पुरत नाही. मग कामाची दिशा बदलली. वसतिगृहासाठी अर्ज, पाठपुरावा आणि गावातच राहणाऱ्या विश्वासू बायांची फळी यांवर जोर आला, आणि पोरींची स्वतःची बैठक सुरू झाली. तत्त्व आम्ही धरून ठेवलं, मार्ग त्यांनी दाखवला. सगळं ऐकणं म्हणजे सगळं मान्य करणं असं मला वाटत नाही. पण जिथे मान्य नाही तिथे तोंडावर तसं सांगणं, कारणासकट सांगणं, हे आपण त्यांचं देणं लागतो.

८. निर्णयाच्या खुर्चीवर एकटी बाई बसवली तर ती शोभेची होते. अमेरिकेतल्या शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात नुसता सल्ला घेणं चौथ्या पायरीवर आहे. भागीदारी, अधिकार सोपवणं आणि नागरिकांच्याच हाती सूत्रं असणं या वरच्या तीन पायऱ्या. आम्ही बैठका घेत होतो, पण शेवटचा शब्द विश्वस्त मंडळाचा होता. म्हणून विश्वस्तपदावर ऊसतोड बाया आल्या, आणि एकदम दोघी आल्या. हा आग्रह बायांचाच होता: एकीचं तोंड बंद झालं तर दुसरी बोलेल. बाकी कामही होतं. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, त्याला ओळखीची कागदपत्रं लागतात, आणि त्या दोघींतल्या एकीच्या तीन कागदांवर तीन नावं होती. ते निस्तरलं. मग सभेची रीत बदलली. टिपणं आधी वाचून दाखवली जातात, इंग्रजी शब्द मराठीत मोडून सांगितले जातात, हंगामात सभा फोनवर होते आणि वेळ रात्री आठनंतरची असते. पहिल्या सभांत दोघी कमी बोलत. आता अंदाजपत्रकात काय आधी आणि काय मागे यावर सर्वांत खोल बोलणं त्यांचंच असतं, कारण हजार रुपये कुठे लागले म्हणजे किती फरक पडतो हे त्यांच्याइतकं मंडळात कोणाला कळत नाही.

९. संस्था आपली मानण्याची सवय सोडावी लागते, आणि ते जड जातं. सांगलीत १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘संग्राम’ने एड्स प्रतिबंधाचं काम वेश्या व्यवसायातल्या बायांबरोबर केलं, आणि १९९६ मध्ये त्या बायांचीच वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. ज्यांना ‘सुधारायला’ लोक जात असत, त्या बाया स्वतःच्या हक्कांची संघटना चालवू लागल्या. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी आदिवासींना विचारून दवाखाना बांधला. तो गोंड गावासारखा झाला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. या उदाहरणांतून मला एक दिसतं: लोकांच्या हाती सूत्रं गेली की काम आपल्या आखणीपेक्षा वेगळं होतं, आणि त्या वेगळेपणाला आपण जागा द्यायची असते. आमच्या कामातला फार मोठा भाग अजून व्हायचा आहे. कारखाने प्रतिटन १० रुपये देणार आणि तेवढीच भर सरकार घालणार, अशा निधीवर ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभं केलं गेलं. त्या पैशातून काय व्हावं हे ठरवताना कोयता धरणारी बाई टेबलाशी असावी, ही आमच्या बायांची मागणी आहे. ती मांडायला यंदा त्याच जाणार आहेत. निवेदन त्यांनी लिहिलं, मुद्द्यांचा क्रम त्यांनी लावला. मी सोबत असेन, कागद सांभाळेन, विचारलं तर माहिती देईन. एका सामाजिक संस्थेने याहून मोठं काय मिळवायचं असतं, मला माहीत नाही. ज्यांच्यासाठी म्हणून काम सुरू झालं, त्याच ते पुढे नेत आहेत, आणि आपण उपयोगी पडतो आहोत तोवर त्यांच्या बरोबरीने चालतो आहोत. एवढं झालं तर आमची वर्षं कारणी लागली असं मी म्हणेन.